सव्वातीन मिनिटांचा हिरवा दिवा

"चालू यंत्राला हात लावू नये," हे वाक्य आमच्या शेजारच्या लिफ्टवाल्यांनी मला जिन्यात तीन वेळा ऐकवलं. ते गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आमच्या इमारतीची लिफ्ट कायम बंद असते, त्यामुळे आमच्या भेटी जिन्यातच होतात. पहिल्या वेळी मी हसलो. दुसऱ्या वेळी "हो हो, बरोबर आहे," म्हणालो. तिसऱ्या वेळी माझा हात लावून झाला होता.

माझं यंत्र लिफ्टसारखं डोळ्यांना दिसत नाही, ही मोठी पंचाईत आहे. आमची कंपनी डेटाबेस बनवते. डेटाबेस म्हणजे माहिती ठेवायचं आणि मागितली की काढून द्यायचं कपाट. ते कपाट नीट काढून देतं की नाही, हे तपासणं माझं काम. म्हणजे माझं म्हणायचं, करतो एक प्रोग्रॅम. त्याला आमच्याकडे हार्नेस म्हणतात. तो डेटाबेसला तीन हजार एकशे बारा ठरलेले प्रश्न विचारतो आणि आलेली उत्तरं आपल्याजवळच्या उत्तरपत्रिकेशी ताडून बघतो. उत्तरं जुळली तर साहेबांच्या केबिनच्या दारावरचा हिरवा दिवा लागतो, चुकली तर लाल. दिव्यांखाली एक पाटी आहे : "लाल दिवा लागल्यास माल बाहेर पाठवू नये." या तपासणीला सहा तास लागतात. ते सहा तास मी खुर्चीत बसून हार्नेसकडे लक्ष ठेवतो.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. साहेब आमच्याकडे चार वर्षांपूर्वी आले आणि त्यानंतर लाल दिवा एकदाही लागलेला नाही, ही गोष्ट ते पाहुण्यांना दिवा दाखवून सांगतात.

"चार वर्षं सलग हिरवा," साहेब म्हणाले, "आणि तपासणी आपोआप होते. मग तुम्ही नेमकं काय करता?"

मी म्हणालो, "लक्ष ठेवतो, साहेब."

"कशावर?"

"आपोआप होतंय ना, यावर."

उत्तर खरं होतं, पण तोंडातून बाहेर पडताच ते फार वाईट दिसायला लागलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शुक्रवारी चार वाजता नवा माल, म्हणजे डेटाबेसची नवी आवृत्ती, बाहेर गेला की माझ्या खुर्चीचा विचार करू, असं सांगितलं. माझ्या विभागात खुर्ची एकच आहे, त्यामुळे माझी खुर्ची म्हणजे अख्खा विभाग.

हाच प्रश्न मला घरीही गेले दहा दिवस विचारला जात होता. सासरेबुवा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. तीस वर्षं गणिताचे शिक्षक आणि त्यातली वीस वर्षं परीक्षक. एका डोळ्यावर पट्टी, वाचायला बंदी, त्यामुळे वाचायला घरात उरलो होतो एकटा मी.

"जावईबापू, तुम्ही दिवसभर करता काय?"

"तपासतो, बाबा."

"लाल शाई लागते का?"

"नाही."

"मग कसलं तपासणं," असं म्हणून ते कूस बदलत. बाहेर कोणी विचारलं तर "आमचे जावई काँप्युटरमध्ये आहेत," एवढंच सांगत, तेही असं की मी आत अडकलो आहे आणि लवकरच सुटेन.

तेव्हा मी ठरवलं की हार्नेस सुधारायचा. लिफ्टवाल्यांनी जिन्यात तिसऱ्यांदा अडवलं, पण मंगळवारी मी कामाला लागलो होतो. हार्नेसचे दोन भाग होते, एक प्रश्न विचारण्याचा आणि एक गुण मोजण्याचा. प्रश्न विचारणारा भाग म्हणजे दिरंगाईचा नमुना होता. एक प्रश्न विचारायचा, उत्तराची सात सेकंद वाट बघायची, मग दुसरा. मी ठरवलं, एकदम सोळा प्रश्न विचारायचे आणि वाट एकच सेकंद बघायची. गुण मोजणारा भाग मी उघडलासुद्धा नाही. तो चालू होता, आणि चालू यंत्राला हात लावू नये. तेवढ्यापुरता मी लिफ्टवाल्यांचा सल्ला पाळला.

बुधवारी दुपारी मी सुधारलेला हार्नेस चालवला आणि हाताची घडी घालून बसलो. सव्वातीन मिनिटांत हिरवा दिवा लागला.

सहा तासांचं काम सव्वातीन मिनिटांत! मी स्वतःच्या हाताला चिमटा काढला. पुन्हा चालवला. पुन्हा सव्वातीन मिनिटं, पुन्हा हिरवा. मी साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी घड्याळ लावून पाहिलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास! आता तर तुम्ही लक्षही ठेवायला नको."

थाप अजून पाठीवर होती आणि मला वाक्याचा अर्थ कळला. खुर्ची वाचवायला म्हणून निघालो आणि खुर्चीचे चारही पाय स्वतःच कापून ठेवले. त्या संध्याकाळी मी हुशार होतो की महामूर्ख, याचा मला काही केल्या उलगडा होईना.

घरी निदान कौतुक तरी होईल म्हणून मी सासऱ्यांना सगळं सांगितलं.

"तीन हजार एकशे बारा प्रश्न, सव्वातीन मिनिटांत?" ते उठून बसले. "तपासले की नुसती पानं उलटली?"

"तपासले, बाबा."

"आणि सगळे बरोबर?"

"सगळे."

"अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी पडले ना, की मी मुलांचं कौतुक करत नसे. मी आधी पेपर तपासणाऱ्याला बोलावून घेत असे."

मला राग आला. आम्ही काही बोलत नाही म्हणून जावयाचा पाणउतारा करायचा, याला काही मर्यादा आहे. बायको मध्ये पडली, "बाबा, जाऊ द्या ना, दमून आलेत ते." बाबांनी जाऊ दिलं, पण जाऊ देताना जे हसले ते मला उघड्या डोळ्याच्या बाजूने स्पष्ट दिसलं.

गुरुवारी सकाळी दहाला पोचलो, रोजची तपासणी सुरू केली आणि हिरवा दिवा लागलेला बघून चहा आणायला निघालो. बोळात एक ढकलगाडी उभी होती. गाडीवर एक काळं यंत्र होतं आणि त्याची वायर त्याच्याच अंगाला गुंडाळलेली होती. यंत्रावरची चिठ्ठी ओळखीची वाटली. अक्षर माझं होतं : "चाचणीचा डेटाबेस. हलवू नये."

गाडीशेजारी देखभालीचे मामा बसले होते.

"मामा, हे बाहेर कसं?"

"वरचा एसी गळतोय. भिजू नये म्हणून काढलं."

"कधी?"

"सकाळी आठला."

"अहो, पण मी आत्ता दहाला तपासणी केली! दिवा लागला!"

"दिव्याला आम्ही हात नाही लावला, साहेब," मामा जरा दुखावल्या आवाजात म्हणाले.

मी यंत्रावर हात ठेवला. गार होतं. तसाच धावत जागेवर गेलो, तपासणी पुन्हा सुरू केली आणि पुन्हा धावत येऊन गाडीपाशी उभा राहिलो. मामांनी मला बसायला स्टूल दिलं. सव्वातीन मिनिटांनी साहेबांच्या दारावर हिरवा दिवा लागला. वायर माझ्या हातात होती. या डेटाबेसने, बोळात, ढकलगाडीवर, विजेशिवाय तीन हजार एकशे बारा प्रश्नांची अचूक उत्तरं दिली होती.

इतका गोंधळ माझ्या आयुष्यात एकदाच, लग्नात, झाला होता. पण तिथे काय करायचं ते सांगायला गुरुजी होते.

शेवटी मी गुण मोजणारा भाग उघडला. त्यात अगदी सरळ लिहिलं होतं की चुकीची उत्तरं मोजा, ती शून्य असतील तर हिरवा दिवा लावा. उत्तरच आलं नाही तर काय करायचं, हे कोणी लिहिलंच नव्हतं. न आलेलं उत्तर चूक कसं असेल? सासऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर आमच्याकडे कोऱ्या पेपरला पैकीच्या पैकी मिळत होते.

मी ते दुरुस्त केलं. कोरं उत्तर म्हणजे चूक. मामांच्या हातापाया पडून यंत्र जागेवर नेलं, वायर लावली, तपासणी चालवली. उत्तरं आली शून्य. यंत्र चालू, वायर लावलेली, तरी शून्य! आता मात्र मला माझीच शंका यायला लागली. मी मौनीकडे गेलो. डेटाबेस मौनीने लिहिला आहे. तो दिवसाला सरासरी चार शब्द बोलतो आणि ते बहुतेक सकाळी संपवतो.

त्याने माझ्या पडद्याकडे बघितलं. "पासवर्ड."

"त्याचं काय?"

"बदलला."

"कधी?"

त्याने चार बोटं दाखवली.

"चार तास झाले?" त्याने नकारार्थी मान हलवली. "चार दिवस?" पुन्हा मान हलवली. "चार महिने?"

मान पुन्हा हलली, आणि मी पुढचं विचारलं नाही. कागद घेतला आणि गुणाकार केला. तीन हजार एकशे बारा गुणिले सात सेकंद. सहा तास तीन मिनिटं.

म्हणजे ते सहा तास तपासणीचे नव्हतेच. चार वर्षं आमचा हार्नेस बंद दारावर टकटक करायचा, सात सेकंद थांबायचा, कोणी दार उघडलं नाही की पुढची टकटक करायचा, आणि शेवटी "काही तक्रार नाही" म्हणून हिरवा दिवा लावायचा. आणि मी खुर्चीत बसून त्यावर लक्ष ठेवायचो. माझी सुधारणा एवढीच, की आता सोळाजण एकदम टकटक करत होते आणि थांबतही नव्हते.

नव्या पासवर्डसाठी मी सुरक्षा विभागात गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे एक जुनी फाइल काढली. "चार वर्षांपूर्वी परिपत्रक काढून कळवलंय. ही खाली तुमची सही. पुढे लिहिलंय 'वाचले'."

सही माझीच होती. अगदी वळणदार. परिपत्रकं मी सही करण्यापुरतीच वाचतो, हे या वयात कोणाला सांगणार?

"पुन्हा पासवर्ड हवा असेल तर विसरलात असं लिहून द्या."

"विसरलो नाही हो, मला माहीतच नव्हता."

"तसा फॉर्म नाही."

मी विसरलो असं लिहून दिलं. पासवर्ड मिळाला. मी जागेवर येऊन हार्नेसला पुन्हा एकेक प्रश्न विचारायला लावला आणि तपासणी चालवली. या वेळी डेटाबेस खरोखर उत्तरं द्यायला लागला आणि पाऊण तास उत्तरं देत होता. बरोबर आली दोन हजार आठशे सव्वीस. चूक, दोनशे शहाऐंशी. मी मान वर करून दाराकडे बघितलं. हिरवा दिवा विझलेला होता. पण लाल दिवा लागला नव्हता.

मी निकाल तीनदा पाठवला. तीनदा दार काळंच राहिलं. पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "लाइट गेली वाटतं." मामांना बोलावलं. त्यांनी स्टुलावर चढून लाल बल्ब काढला, कानाशी धरून हलवला आणि जाहीर केलं, "हा तर कधीचाच गेलाय."

मी साहेबांकडे गेलो. "साहेब, उद्याचा माल थांबवा. दोनशे शहाऐंशी चुका आहेत."

"लाल दिवा लागलाय?"

"नाही, पण त्याचं कारण—"

"मग झालं तर. पाटीवर काय लिहिलंय? माणसं चुका करतात म्हणून तर दिवा बसवला." मग आवाज मऊ करून म्हणाले, "उद्याची काळजी समजू शकतो मी. पण असं काहीतरी काढून माल अडवू नका. बरं दिसत नाही."

मला खुर्ची वाचवायला चुका सापडल्या, असं त्यांना वाटलं! गंमत म्हणजे, गप्प राहिलो असतो तर सव्वातीन मिनिटांचं शाब्बास माझ्या नावावर राहिलं असतं आणि चार वर्षांची झोप कोणाला कळली नसती. बोललो तर खुर्ची नक्की जाणार, गप्प राहिलो तर बहुतेक जाणार. मी बराच वेळ पाण्याच्या यंत्रापाशी उभा राहून यातलं फायद्याचं काय ते शोधत होतो. सापडलं नाही, म्हणून मी बल्ब शोधायला भांडारात गेलो.

भांडारातल्या बाईंनी वही उघडली. "लाल बल्ब? चार वर्षांत कोणी मागितलेला नाही."

"कारण तो लागलाच नाही."

"लागत नाही तर हवा कशाला?"

मग बाईंनी नियम सांगितला : रंगीत बल्ब सुशोभनात मोडतो, सुशोभनाला साहेबांची सही लागते आणि मग तीन आठवडे. मी अर्ज भरून दिला.

संध्याकाळी जिन्यात लिफ्टवाले भेटले. मी सगळं ओकून टाकलं. ते दोन पायऱ्या खाली उतरून आले. "अहो, आम्ही लिफ्ट तपासायला गेलो की आधी धोक्याची घंटा वाजते का ते बघतो. मग बाकीचं."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही सुधारणा करत होता. तपासतोय कुठे म्हणालात?"

वर आलो आणि बायकोला म्हणालो की संडासातला छोटा बल्ब मला हवा आहे आणि तुझी लाल नेलपॉलिशही. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यामुळे तिने फक्त विचारलं, "मॅट की चमकणारी?" मी बल्बवर ब्रश फिरवायला लागलो तशी ती म्हणाली, "अहो, असं नाही, ओघळ येतात," आणि बाटली काढून घेऊन स्वतः तीन हात दिले. मध्ये मध्ये फुंकर मारत होती. सासरे एका डोळ्याने बघत होते.

शुक्रवारी साडेतीनला मी साहेबांच्या दारासमोर स्टूल ठेवलं. अख्खं ऑफिस बघत होतं. बल्ब बसवला, खाली उतरलो, तपासणीचा निकाल पुन्हा पाठवला. चार वर्षांत पहिल्यांदा लाल दिवा लागला. मिनिटभरात नेलपॉलिशचा वास सुटला.

साहेब बाहेर आले. वर बघितलं. वास घेतला. "हा दिवा कोणी लावला?"

"बल्ब मी लावला, साहेब. दिवा चुकांनी लावलाय." आणि मग मी सगळं सांगितलं. बंद दार, कोरे पेपर, ढकलगाडी, परिपत्रक आणि त्याखालची माझी वळणदार सही.

साहेबांनी पुन्हा दिव्याकडे बघितलं. मला त्यांची दया आली. चार वर्षं पाहुण्यांना ज्याच्यासमोर उभं केलं, तो दिवा काही न विचारताच हिरवा होता. त्यांनी मौनीकडे वळून विचारलं, "हे म्हणतात त्या चुका खऱ्या आहेत?"

मौनी उठून उभा राहिला. "खऱ्या आहेत. माझ्या आहेत." दिवसाचा कोटा त्याने एका दमात संपवला.

माल गेला नाही. साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

सोमवारी मला एक पाकीट आलं. आत दोन पत्रं होती. पहिलं ठपक्याचं : परिपत्रक न वाचता सही केल्याबद्दल. दुसऱ्यात लिहिलं होतं की तपासणी विभाग कायम ठेवण्यात येत आहे, आणि दर सोमवारी डेटाबेसची वायर काढून दिवा लाल होतो ना, हे विभागप्रमुखाने स्वतः बघावं. विभागप्रमुख म्हणजे मी. दोन्हीखाली 'वाचले' लिहून सही करायची होती. मी दोन्ही पत्रं पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली, पाठीमागे काही आहे का ते बघितलं आणि मग सही केली. भांडारातून तीन आठवड्यांनी बल्ब आला. तो हिरवा होता, लाल शिल्लक नव्हता. त्यामुळे दाराला अजून आमच्या घरचाच दिवा आहे.

सासऱ्यांची पट्टी, पत्रं आली त्याच सोमवारी निघाली. संध्याकाळी त्यांनी वाचायला काहीतरी मागितलं. बायकोने, मी नको नको म्हणत असताना, ठपक्याचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मी मान खाली घालून बसलो होतो.

"मला असं एकच आलं होतं," ते म्हणाले. "एका वर्षी निकाल लावला आणि रात्री ध्यानात आलं, एक गठ्ठा मी तपासलाच नाही. अंदाजाने गुण भरले होते. सकाळी जाऊन सांगितलं. निकाल मागे घेतला." पत्राची घडी त्यांनी नीट घातली. "जपून ठेवा. बढतीची पत्रं मी कधीच हरवली. ते एक अजून आहे."

पुढच्या रविवारी ते घरी परत जायला निघाले. त्यांची पिशवी घेऊन मी मागे, ते पुढे. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टवाले भेटले. "जावई सोडायला निघालेत वाटतं? काँप्युटरमध्ये आहेत ना हे?"

सासरे पायरीवर थांबले. कठड्याला हात लावून त्यांनी आधी श्वास घेतला.

"नाही," ते म्हणाले, "परीक्षक आहेत."